रेयॉन, विस्कोस, मोडाल, ‘बांबू’... आपण नक्की काय घेतो आणि त्यातलं बरं कुठलं?

सुईदोरा_इंदूर
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज कामाचा प्रश्न आहे म्हणून धागाच काढतेय. माझं घरगुती कुर्त्यांचं काम आहे, कापड एमटी क्लॉथ मार्केटमधून उचलते, शिवायला दोघीजणी येतात, ऑर्डरी बहुतेक व्हॉट्सॅपवर. उन्हाळ्यात माझा निम्म्याहून जास्त माल रेयॉनचाच जातो कारण इंदूरच्या मे महिन्यात पॉलिएस्टर जॉर्जेट अंगावर कोणालाच नको असतं आणि चांगलं कॉटन सगळ्यांच्या बजेटमध्ये बसत नाही. आता झालंय असं की पुण्या-बंगलोरला असलेल्या आपल्याकडच्या पोरी ऑर्डर देताना विचारतात, काकू हे सस्टेनेबल आहे का? मी एका दुकानदाराला विचारलं तर म्हणे बहनजी लकड़ी से बनता है, एकदम नॅचरल. दुसरा म्हणाला रेयॉन वेगळं आणि विस्कोस वेगळं, विस्कोस भारी असतं. तिसऱ्याकडे बांबू कॉटन नावाचं काहीतरी होतं, भाव दीडपट, हात लावून बघितलं तर मला ते सरळ रेयॉनच लागलं.
तर खरं काय आहे ते सांगा. आणि माझ्यासारख्या छोट्या माणसाला ह्यातलं बरं कापड ओळखून घेता येतं का, की ते सगळं मोठ्या ब्रँडांचं काम?

तिखट_जिरावन
लकड़ी से बनता है म्हणजे कुर्ता जुना झाला की पोळपाट-लाटण्याशेजारी ठेवायचा का 😄

रसायनी
ताई, दुकानदार खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. विस्कोस आणि रेयॉन हे आपल्या बाजारात एकच. रेयॉन हे मोठं कुटुंब धरा आणि विस्कोस हा त्यातला सगळ्यात जास्त बनणारा प्रकार, त्यामुळे इंदुरात कोणी रेयॉन म्हणून थान उलगडलं तर ते विस्कोसच असतं.

आता बनतं कसं ते. निलगिरी, बाभळीच्या जातीची झाडं, बीच, स्प्रूस अशा लाकडाचा लगदा करतात, त्यातलं लिग्निन वगैरे काढून टाकून जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे पांढरे जाड पुठ्ठ्यासारखे ताव बनवतात. हा ताव कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळायचा, कुस्करायचा, थोडा मुरू द्यायचा. इथपर्यंत ठीक. पुढच्या पायरीत कार्बन डायसल्फाइड घालतात आणि सगळी भानगड तिथेच आहे. सेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, कॉस्टिकमध्येही सरळ विरघळत नाही, पण कार्बन डायसल्फाइडशी जोडलं गेलं की त्याचा नारिंगी रंगाचा झँथेट होतो आणि तो मग पातळ कॉस्टिकमध्ये विरघळतो. जे तयार होतं ते मधासारखं दाट द्रावण, म्हणजेच विस्कोस. ते गाळून, मुरवून, बारीक भोकांच्या चकतीतून गंधकाच्या आम्लात सोडतात. आम्लात पडलं की परत सेल्युलोज होतं, ह्या वेळी धाग्याच्या रूपात, आणि कार्बन डायसल्फाइड बाहेर पडतो, सोबत हायड्रोजन सल्फाइड, तोच तो सडक्या अंड्याचा वास.

म्हणजे धाग्यात शेवटी फक्त सेल्युलोज उरतं, कापसात असतं तेच. अंगावर घालणाऱ्याला त्या रसायनाचा काही त्रास नाही, हे आधी स्पष्ट सांगतो कारण व्हॉट्सॅपवर उलटंसुलटं फिरत असतं. त्रास होतो तो कारखान्यात काम करणाऱ्याला आणि कारखान्याच्या आसपास राहणाऱ्याला. कार्बन डायसल्फाइड वर्षानुवर्षं श्वासात गेला तर मज्जातंतू बिघडतात, डोक्यावर परिणाम होतो, हृदयविकार वाढतो, हे आजचं नाही, शंभर वर्षांपूर्वीपासून डॉक्टर लिहीत आलेत. ही पद्धत ब्रिटनमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल ह्या तिघांनी १८९२ मध्ये पेटंट केली, म्हणजे एवढा जुना धंदा आहे आणि त्याचं दुखणंही तेवढंच जुनं.

कार्बन डायसल्फाइड किती लागतो म्हणाल तर सेल्युलोजच्या वजनाच्या साधारण तीस टक्के. म्हणून ‘विस्कोस चांगलं की वाईट’ ह्याला सरळ उत्तर नाही. मी दोनच गोष्टी विचारतो, लाकूड कुठल्या जंगलातलं, आणि तो कार्बन डायसल्फाइड परत पकडला की हवेत सोडला. बाकी सगळं नंतर.

छावणीकर_ग्वाल्हेर
ह्या विषयात आमच्या गावाचं नाव आलंच पाहिजे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये बिर्लांची ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली ती आमच्याकडे, बिर्लानगर. सुरुवातीला बाहेरून आलेला रेयॉनचा धागा इथे विणायचे. स्वतःचा तंतू बनवायला लागले १९५४ मध्ये, पण तो ग्वाल्हेरला नाही, तुमच्या उज्जैनच्या पुढे नागद्याला, चंबळेच्या काठी. पुढे १९८६ मध्ये नाव आखडून ग्रासिम केलं. माझ्या काकांच्या लग्नातला सूट ‘ग्वाल्हेर’चा होता आणि तो घालून ते सगळ्यांना सांगत फिरायचे की हा आपल्या गावचा.
इंदूरवाल्यांनो, तुम्ही दिल्लीची गाडी पकडायला नागद्याला उतरता ना, तुमच्या अंगावरच्या रेयॉनचा मोठा हिस्सा तिथूनच येतो.

बडोद्याची_सुमन
नावांची गंमत आमच्याकडेही आहे, बडोदा रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना बडोद्यात नव्हताच, तो सुरतेला उधन्यात. आणि आता बिर्लांचे गुजरातमधले व्हीएसएफचे (म्हणजे विस्कोसच्या आखूड तंतूचे) कारखाने खरच आणि विलायतला आहेत, दोन्ही भरूच जिल्ह्यात, आम्हाला तेच जवळ. त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, तिन्ही मराठी संस्थानांच्या वाट्याला विस्कोस आलेला दिसतोय 🙂

सुईदोरा_इंदूर
रसायनी, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे दुकानदार जे लकड़ी लकड़ी म्हणतो ते लाकूड नागद्याच्या आसपासचं का? आणि बांबूचं काय ते सांगाच कारण तो माणूस रोज फोन करतोय.

रसायनी
नाही हो, मालव्यातलं नाही. कर्नाटकात हरिहरला बिर्लांचा लगद्याचा कारखाना आहे, तिथे निलगिरी वापरतात. बाकी बराचसा लगदा परदेशातून येतो, कॅनडात न्यू ब्रन्सविकला त्यांच्या मालकीच्या लगद्याच्या गिरण्या आहेत, स्वीडनमधली डॉमशो २०११ मध्ये त्यांनी घेतली. थंड प्रदेशातलं झाड, नागद्याला धागा, इचलकरंजी-भिवंडी किंवा तमिळनाडूत इरोडकडे कापड, छपाई अजून तिसरीकडे, मग तुमचं एमटी क्लॉथ मार्केट.

बांबूबद्दल बोस्टनच्या ताईंनी मागे कुठेतरी लिहिलं होतं, त्या सांगतील.

माई_बोस्टन
हो हो आलेच. मूळची इंदूरची, रामबागेतली, आता इथे. अमेरिकेत ह्यावर चांगलंच प्रकरण झालंय. बांबूचा पाला-खोड कुटून, सडवून अंबाडीसारखा धागा काढता येतो पण तो खरखरीत असतो आणि बाजारात क्वचित दिसतो. ‘मऊ मऊ बांबू’ म्हणून जे मिळतं ते बांबूच्या लगद्यापासून केलेलं विस्कोस, तोच कॉस्टिक, तोच कार्बन डायसल्फाइड. म्हणून इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून कंपन्यांमागे लागून सांगितलं की लेबलवर ‘बांबूपासून केलेला रेयॉन’ असंच लिहायचं. २०१३ मध्ये ॲमेझॉन, सीअर्स, मेसीज अशा चौघांना मिळून साडेबारा लाख डॉलरच्या वर दंड झाला, २०२२ मध्ये कोल्स आणि वॉलमार्टला मिळून पंचावन्न लाख डॉलर. आणि ‘बॅक्टेरिया मारतं’ वगैरे जे छापतात ना, बांबूत जे काही असेल ते ह्या सगळ्या रसायनांतून धाग्यापर्यंत येतं असं दाखवता आलेलं नाही, त्यावरही कमिशनने आक्षेप घेतला होता.
फोन करणाऱ्याला एवढंच विचार, बाबा, बिलावर फायबरचं नाव काय लिहून देतोस?

कापडचोपड
मी मार्केटमध्येच बसतो (दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको) त्यामुळे थोडं आमच्या बाजूनेही ऐका. बहुतेक दुकानदाराला स्वतःलाच माहीत नसतं. वरून जे आलं ते पुढे. आम्ही बोलतो ते वजनावर, १४ किलो रेयॉन, १६ किलो, हेवी, लाईट, स्लब, ट्विल, फॉइल प्रिंट. धागा कोणाचा हे फक्त तेव्हा कळतं जेव्हा पार्टी टॅग लावून देते.

टॅगांचं पण समजून घ्या. ‘लिवा’ असा टॅग दिसला तर त्याचा अर्थ धागा बिर्लांचा आणि कापड त्यांच्याकडे पास झालेलं. ‘लिवाइको’ हा वेगळा, त्यात एफएससी (जंगल जपून लाकूड काढल्याचं प्रमाणपत्र) सर्टिफिकेटवाल्या जंगलातलं लाकूड, आणि धाग्यात त्यांनी ओळखीची खूण मिसळलेली असते म्हणजे कापड झाल्यावरही तपासता येतं. ‘लिवा रिव्हाइव्हा’ मध्ये गारमेंट युनिटमधल्या कापसाच्या कतरणांचा लगदा थोडा मिसळतात. बाहेरच्यात लेन्झिंग ऑस्ट्रियाची, त्यांचं ‘इकोव्हेरो’ म्हणजे विस्कोसच पण जास्त काळजीने केलेलं, ‘टेन्सेल’ नावाने ते लायोसेल आणि मोडाल विकतात. आपल्याकडे लायोसेलला बिर्लांचं ‘एक्सेल’ आहे.

पण एक सांगून ठेवतो, कागदी टॅग हे कागदी टॅग असतात. गड्ड्याने टॅग विकणारे पण मी पाहिलेत. म्हणून बिल मागा, बिलावर टॅगचं नाव लिहून मागा. जो लिहून द्यायला कां कूं करतो त्याच्याकडून साधं रेयॉन साध्या भावात घ्या, जास्तीचे पैसे देऊ नका.

शंका_आहे
माफ करा पण मला हे सगळं ग्रीनवॉशिंग वाटतं. आधी नदी खराब करायची, मग हिरवा टॅग लावून दहा रुपये जास्त घ्यायचे. केरळमध्ये काय झालं ते विसरलो का आपण? कोझिकोडजवळ मावूरला ह्याच ग्वाल्हेर रेयॉन्सचा कारखाना १९६३ मध्ये निघाला, सरकारने जंगलातला बांबू टनाला एक रुपया भावाने द्यायचं कबूल केलं, एक रुपया! बांबूवर जगणारे बुरूड देशोधडीला लागले आणि चालियार नदीचं पाणी लोकांना वापरता येईना. वर्षानुवर्षं आंदोलन चाललं, शेवटी १९९९ मध्ये उत्पादन थांबलं आणि २००१ मध्ये कायमचं टाळं. आणि तेव्हाही हे ‘नॅचरल’च होतं.

छावणीकर_ग्वाल्हेर
बरोबर आहे तुमचं, पण त्याची दुसरी बाजू पण आहे की कारखाना बंद झाल्यावर हजारो कामगार घरी बसले. इंदूरला हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांना थकबाकी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघायला आम्ही ग्वाल्हेरहून यायचो, मिल बंद असूनही कामगार वर्गणी काढून झांकी काढायचे. बंद करा म्हणणं सोपं असतं एवढंच म्हणायचंय.

शंका_आहे
मी बंद करा म्हणालोच नाही. मी म्हणालो टॅगवर विश्वास का ठेवायचा.

रसायनी
शंकाराव, शंका रास्त आहे म्हणून जरा सविस्तर.

२०१७ मध्ये चेंजिंग मार्केट्स नावाच्या संस्थेचा अहवाल आला, त्यांनी चीन, इंडोनेशिया आणि भारतातल्या विस्कोस कारखान्यांच्या आसपास जाऊन पाणी-हवा-लोकांच्या तक्रारी पाहिल्या, त्यात नागद्याचंही नाव होतं. मोठ्या ब्रँडांची नावं जोडली गेल्यावर बरीच हालचाल झाली आणि बिर्लांनी, लेन्झिंगने युरोपीय निकषांपर्यंत जायचं जाहीर केलं. हे निकष म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा नाहीत, आकड्यांत आहेत. स्टेपल फायबरसाठी (आखूड कापलेला तंतू) टनामागे हवेत जाणारा गंधक १२ ते २० किलोच्या आत ठेवायचा असं युरोपच्या दस्तऐवजात लिहिलंय. त्यासाठी धागा निघतो ती यंत्रं बंदिस्त करावी लागतात, निघालेला वायू ओढून थंड करून कार्बन डायसल्फाइड परत मिळवायचा, कोळशाच्या थरातून गाळायचा, उरलेल्याचं गंधकाचं आम्ल करून परत त्याच कामात घ्यायचं. खर्च मोठा आहे पण रसायनही वाचतं.

मग कापडधंद्यातली घातक रसायनं बंद करायला निघालेल्या झेडडीएचसी नावाच्या गटाने २०२० मध्ये खास ह्या लाकडी धाग्यांसाठी नियमावली काढली, सांडपाणी आणि हवा दोन्हीसाठी. लाकडाच्या बाजूला कॅनडातली कॅनॉपी ही संस्था आहे, २०१३ पासून तिचा ‘कॅनॉपीस्टाइल’ उपक्रम चालतो. ती दरवर्षी धागा बनवणाऱ्या कंपन्यांना गुण देते, जुनी आणि धोक्यातली जंगलं कोण तोडतं, कोण नाही, आणि गुण हिरव्या शर्टाच्या चित्रात दाखवते. इंटरनेटवर उघडून बघता येतं, फुकट.

आता तुमचा मुद्दा. एफएससी लाकडाबद्दल बोलतं, रसायनाबद्दल काहीही बोलत नाही. म्हणजे लाकूड चोख आणि कारखाना घाण असं होऊ शकतं. टॅगवर फक्त पानाचं चित्र आणि ‘इको फ्रेंडली’ असेल तर त्याला माझ्या लेखी शून्य किंमत. टॅगवर तंतूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि तपासता येईल असा नंबर असेल तर विश्वास नका ठेवू, पण तपासा तरी.

सुईदोरा_इंदूर
एक मध्येच विचारते, लायोसेल आणि मोडाल ह्यात ते कार्बनवालं नसतं का?

रसायनी
मोडालमध्ये असतं. मोडाल म्हणजे विस्कोसचाच सुधारलेला भाऊ, ओला झाल्यावर जरा जास्त ताकद, जास्त मऊ. अजरखचे जे ‘मोडाल सिल्क’ दुपट्टे विकतात त्यात बहुतेकदा रेशीम नसतं, उगाच भाव देऊ नका.
लायोसेल वेगळं. त्यात लगदा सरळ अमाइन ऑक्साइड जातीच्या द्रावकात विरघळवतात, पाण्यात धागा काढतात आणि द्रावक ९९ टक्क्यांच्या वर परत वापरतात. कार्बन डायसल्फाइड नाहीच. मला विचाराल तर ह्या सगळ्या कुटुंबात रसायनाच्या बाजूने सगळ्यात स्वच्छ तेच. फक्त भाव वर असतो आणि साध्या प्रकारात ओलं घासलं की वर बारीक रोआ निघतो, कपडा लवकर जुनाट दिसतो, म्हणून पहिला लॉट थोडाच घ्या. बारीक लेबलावर सीव्ही दिसलं तर विस्कोस, सीएमडी म्हणजे मोडाल, सीएलवाय म्हणजे लायोसेल, ही आंतरराष्ट्रीय खूण आहे, एक्सपोर्टच्या कतरणीवर हमखास असते.

आजीचं_लुगडं
पैठणीवाल्यांनी पण वाचा हे. ‘सेमी’, ‘आर्ट सिल्क’ म्हणून मिळतं त्यात एकतर विस्कोसचा लांब तंतू असतो (शहाडचं सेंच्युरी रेयॉन त्यातलंच) नाहीतर पॉलिएस्टर. माझ्या मते त्यातल्या त्यात विस्कोसचं बरं, अंगाला चिकटत नाही. पण रेशमाच्या भावात घेऊ नका एवढंच.

नर्मदातीर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा इंदूरपासून हाकेच्या अंतरावर महेश्वर आहे, हातमागाचं घ्या ना. विणकराला पैसे जातात, धुरांडं नाही, सर्टिफिकेट नको.

सुईदोरा_इंदूर
घेते की, सणासुदीला. पण माझी रोजची गिऱ्हाईक शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काउंटरवर बसणाऱ्या बायका आहेत. त्यांना महेश्वरी कापडाचा कुर्ता रोज घालायला परवडणार नाही आणि मलाही त्या भावात शिवून ठेवायला परवडत नाही. हातमागवाल्यांशी भांडण नाही, पण ‘ते घ्या ना’ म्हणून प्रश्न सुटत नाही हो.

कापडचोपड
+१. आणि रेयॉन घेतलं नाही तर ती बाई महेश्वरी घेणार नाही, शेजारच्या दुकानातून पॉलिएस्टर घेणार. ते धुताना त्याचे बारीक तंतू गटारात जातात आणि कुजत नाहीत. रेयॉन सेल्युलोजचं असल्याने मातीत कुजतं. मात्र रेयॉन-पॉली मिक्स असेल तर तेही नाही आणि पुढे रिसायकल करणाऱ्यालाही डोकेदुखी.

सुईदोरा_इंदूर
मिक्स आहे हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं? मला दरवेळी हातानेच अंदाज घ्यावा लागतो आणि आजकालचं पॉलिएस्टर इतकं मऊ येतं की हाताचा भरवसा राहिला नाही.

कापडचोपड
दोन जुन्या युक्त्या सांगतो. कतरण घ्या, कडेचे दोन-चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरून काडी लावा (खाली पाण्याची वाटी, पंखा बंद, आणि पोरांना लांब ठेवा). विस्कोस कागदासारखं भरभर जळतं, कागद जळल्याचा वास, मागे हलकी राख जी बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, वितळतं, काळा धूर आणि शेवटी टणक मणी राहतो, बोटात दाबला तरी फुटत नाही. राखेत असा खडा लागला की मिक्स आहे समजा.

पण कापूस पण कागदासारखाच जळतो, मग कापूस की विस्कोस? त्यासाठी एक धागा दोन्ही हातांत ताणून धरा, मधोमध जीभ लावून ओला करा आणि ओढा. विस्कोस ओल्या जागीच पटकन तुटतं. कापूस तुटला तर बहुतेक कोरड्या जागी तुटतो. आमचे शेठजी गिऱ्हाइकासमोर हे करायचे आणि धागा तुटला की टाळी वाजवायचे, जसं काही जादूचा प्रयोग.

रसायनी
वा. ह्याचं कारण असं की विस्कोस ओलं झालं की ताकद जवळजवळ निम्मी होते आणि कापूस उलट ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो. विस्कोस पाणीही जास्त धरतं, साध्या हवेत वजनाच्या तेराएक टक्के ओलावा, कापूस साडेआठ, पॉलिएस्टर अर्धा टक्कापण नाही. घामाच्या दिवसांत ते सुखाचं वाटतं ते ह्यामुळेच, आणि धुताना फाटतं तेही ह्यामुळेच.

शिवणक्लास_काकू
शेवटी मुद्द्यावर आलात! मी मगापासून वाट बघतेय. सस्टेनेबल सस्टेनेबल म्हणताय पण कपडा चार धुण्यांत गेला तर कुठल्या जंगलातलं झाड होतं त्याला विचारतंय कोण. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली रेयॉन सरळ कात्रीखाली घालतात आणि मग बाई कुर्ता आखूड झाला म्हणून परत येतात.

रेयॉन कापायच्या आधी पाण्यातून काढायचंच. साध्या गार पाण्यात बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही, दोन्ही हातांनी दाबून पाणी काढायचं आणि आडव्या दांडीवर दुहेरी टाकायचं, एका टोकाला चिमटे लावून लोंबकळत ठेवलं तर ओल्या वजनाने तिरकं ओढलं जातं. थोडं दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री. मग कापा. अंब्रेला किंवा तिरक्या काटाचा घेर असेल तर शिवून झाल्यावर रात्रभर हँगरला टांगून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घेर सारखा करून मग तुरपाई, नाहीतर घालणाऱ्याच्या अंगावर घेर खालीवर होतो आणि दोष आपल्या हाताला लागतो. शिलाईला मार्जिन जास्त ठेवा, रेयॉन शिलाईजवळ सरकतं, बगलेत आणि स्लिटच्या वर आधी उसवतं. तिथे आतून पट्टी लावा. सुई बारीक, टाका फार लहान नको.

आणि खरेदी करताना कापड मुठीत आवळून सोडा, उजेडासमोर धरून बघा, विण विरळ असेल आणि दोन अंगठ्यांनी ओढलं की धागे बाजूला होत असतील तर तो माल कितीही हिरव्या टॅगचा असो, घेऊ नका.

तिखट_जिरावन
काकू तुम्ही क्लासची फी वाढवा 🙏

बडोद्याची_सुमन
मशीनमध्ये धुणाऱ्यांसाठी, जाळीच्या पिशवीत घालून डेलिकेट सायकलवर, आणि ड्रायरची फिरकी कमी. आमच्या कामवाल्या बाईने धोपटण्याने धुतलेला माझा आवडता रेयॉनचा गाऊन आता पायपुसणं आहे.

शंका_आहे
काकूंचं पटलं. सर्टिफिकेटपेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

रसायनी
दोन्ही लागतं हो. कपडा दुप्पट चालला तर निम्मं विस्कोस लागेल हे खरंच, पण नागद्याच्या कामगाराच्या फुप्फुसात काय जातं ते तुमच्या धुण्याने बदलत नाही. ते बदलतं मोठ्या ब्रँडने मागणी केल्यावर आणि सरकारने नियम लावल्यावर. छोट्या खरेदीदाराने एवढं करावं, विचारत राहावं. कापडचोपड, तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक धाग्याचं नाव विचारायला लागलं तर तुम्ही वर पार्टीला विचारता का?

कापडचोपड
एकाने विचारलं तर नाही. दिवसात चार-पाच जणांनी विचारलं तर शेठजी स्वतः फोन लावतात. एक्सपोर्टवाल्यांमुळे लिवाइको मार्केटमध्ये आलं ते तसंच. सुईदोरा ताई, तुमच्यासारख्या घरगुती कामवाल्या आमच्याकडे भरपूर येतात, सगळ्यांनी मिळून एक लॉट बांधला तर टॅगवाला माल मिनिमम ऑर्डरमध्ये बसू शकतो, एकटीला मात्र तो महाग पडेल.

सुईदोरा_इंदूर
हे डोक्यात नव्हतं आलं. आमच्या सुदामा नगर, राजेंद्र नगर भागातच कुर्त्या करणाऱ्या ओळखीच्या बऱ्याच जणी आहेत, त्यांना विचारते.

तोपर्यंत मी असं ठरवलंय. बांबूवाल्याला नाही म्हणून सांगितलं, बिलावर फायबर लिहून दे म्हटल्यावर त्याचा फोनच बंद झाला. रेयॉन-पॉली मिक्स यापुढे घेणार नाही. आणि प्रत्येक कुर्त्याला एक छोटी चिठ्ठी लावणार, मजकूर असा: “कापड: १०० टक्के विस्कोस रेयॉन. लाकडाच्या लगद्यापासून बनलेले, इको फ्रेंडली. शिवण्याआधी पाण्यातून काढलेले.” चालेल का?

माई_बोस्टन
‘इको फ्रेंडली’ काढ. तुझ्याकडे त्याचा कागद नाही.

रसायनी
अनुमोदन. आणि ‘लाकडाच्या लगद्यापासून’ हेही तुमच्या दुकानदाराच्या लकड़ी से बनता है सारखंच होतंय, खरं आहे पण अर्धं. टॅगवाला लॉट आला की त्या चिठ्ठीवर धागा कोणाचा ते लिहा, साध्यावर नुसतं विस्कोस पुरे.

सुईदोरा_इंदूर
काढलं दोन्ही. मग चिठ्ठी फारच छोटी राहिली.

शिवणक्लास_काकू
राहिलेल्या जागेत धुण्याचं छाप. गार पाणी, पिळू नये, सावलीत आडवं वाळवावं, दमट असताना उलट बाजूने इस्त्री. आणि हिंदीतही छाप गं, धुणारी बाई मराठी वाचत नाही.